परीक्षार्थीची खाट

वसतिगृहाच्या व्यवस्थापकांशी फोनवर मी निम्मं खोटं बोलले. दहावीची परीक्षा आहे, पंधरा दिवसांसाठी खोली हवी, परीक्षार्थीबरोबर घरची दोन माणसं असतील, असं सांगितलं. "मुलगा का मुलगी?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मुलगी." आई कुणाची तरी मुलगी आहेच, अशी मी मनाची समजूत घातली आणि फोन ठेवला.

खरं सांगायची मला भीती वाटत होती. त्याआधी धारवाडात दोन ठिकाणी खरं सांगून बघितलं होतं. एकीकडे बाई हसल्या. दुसरीकडे एका गृहस्थांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "या वयात त्यांना कशाला त्रास देता?" जणू मीच आईला मानगुटीला धरून परीक्षेला बसवत होते.

आई छप्पन्न वर्षांची होती. अळणावरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. घरात मराठी, बाजारात कन्नड. थोडी स्वतःची जमीन, बाकी दुसऱ्याच्या शेतात रोजगार, यावर आई-अप्पांनी आम्हाला वाढवलं. आई सातवीपर्यंत शिकली होती. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती, म्हणून ती घरी बसली. यात वेगळं काही नव्हतं. तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुली बसल्या.

या परीक्षेच्या दोन वर्षं आधी गावसभा होती. गावातल्या मराठी शाळेत चार वर्गांना एकच शिक्षिका उरली होती. आई उभी राहिली आणि दुसरी जागा कधी भरणार म्हणून तिने विचारलं. जिल्ह्याहून एक साहेब आले होते. त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" आई म्हणाली, "सातवी." साहेब म्हणाले, "मग खाली बसा." लोक हसले. आई बसली.

तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. मी हुबळीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दुपारच्या जेवणाची वेळ होती.

"दहावीचा फॉर्म कुठं मिळतोय?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मला सभेतली हकीकत अप्पांकडून कळली होती. मी म्हणाले, "आई, त्या साहेबाला उत्तर देण्यासाठी एवढं करायची गरज नाही."

"त्याला कशाला उत्तर देऊ? तो जाईल बदली होऊन. त्यानं बस म्हटलं आणि मी बसलो. ते मला आवडलं नाही."

आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी बसलो' असंच बोलतात. हुबळीत आल्यावर मी 'जाते, बसले' म्हणायला शिकले. आईला ते शिकायची गरज कधी वाटली नाही.

दोन वर्षं तिने अभ्यास केला. दुपारी, शेतातून आल्यावर, चुलीपुढे. रविवारी मी गावी जाऊन गणित आणि विज्ञान शिकवायचे. ती पटकन शिकणारी बाई नव्हती. एकच गोष्ट ती मला पाच वेळा विचारायची, आणि पाचव्या वेळेस मी वैतागले की म्हणायची, "तू लहान असताना मी तुला पाजताना मोजत नव्हतो." मग मी सहाव्यांदा सांगायचे.

परीक्षेचं केंद्र धारवाडात आलं. गावची पहिली बस धारवाडला पोचेपर्यंत पेपर सुरू होऊन जायचा. माझ्याकडे हुबळीला राहा म्हणून मी आग्रह केला. माझं घर दीड खोलीचं. त्यात सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि दिवसभर चालणारा टीव्ही. आईने तिथे राहायला साफ नकार दिला. "तुझ्या घरात मी पाव्हणी. पाव्हणीला कोण अभ्यास करू देतंय?" म्हणून वसतिगृह.

मार्चअखेरीच्या एका दुपारी आम्ही तिघं रिक्षातून तिथे उतरलो. आई, अप्पा आणि मी. मी रजा काढली होती. अप्पांच्या डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं होतं आणि हातात रॉकेलचा स्टोव्ह. आईच्या काखेत पुस्तकांची पिशवी. ती तिने कुणाच्या हातात दिली नाही, रिक्षातसुद्धा मांडीवर ठेवली.

इमारत इंग्रजांच्या काळातली. काळ्या दगडाच्या भिंती हातभर जाडीच्या, वर मंगळुरी कौलं, पुढे लांबलचक व्हरांडा आणि त्याला सागवानी खांब. दारावरच्या दगडात साल कोरलेलं होतं, पण पिढ्यान्पिढ्यांच्या चुन्याने आकडे बुजून गेले होते. पूर्वी इथे शिक्षक तयार करायची शाळा होती. आता एका संस्थेने खालच्या खोल्या परीक्षेला येणाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली राहत. अप्पांनी एका खांबाला हात लावला, वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "एका झाडाचा हाय. जोड न्हाई."

व्यवस्थापक म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. मळमड्डीत राहायचे आणि रोज सकाळी स्कूटरवरून यायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आमच्या मागे नजर टाकली.

"मुलगी कुठे आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आईने पिशवीतून हॉल तिकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. हेडमास्तरांनी फोटो बघितला. मग आईकडे बघितलं. मग पुन्हा फोटो.

"अहो, या तर तुम्ही."

"मीच."

"आणि परीक्षार्थी?"

"मीच म्हटलं की."

ते माझ्याकडे वळले. मी जमिनीकडे बघत होते. शहाबादी फरशीला एक लांब तडा गेला होता, तो मला अजून आठवतो. "सर, फोनवर मी नीट सांगितलं नाही," एवढंच मी म्हणू शकले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. त्यांचा आवाज उलट मऊ झाला. "हे बघा, ही ऐतिहासिक वास्तू आहे. धर्मशाळा नव्हे. इथे विद्यार्थ्यांचं वातावरण असतं. आजींना इथे अवघड होईल, बाथरूम मागच्या अंगणात आहे. स्टँडजवळ चांगले लॉज आहेत, तिथे सोय होईल."

मी पिशवी उचलायला वाकलेसुद्धा. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण मी वाकले होते.

आई म्हणाली, "नियम कुठं लिहिल्यात?"

भिंतीवर फळा होता. कन्नडमध्ये रंगवलेला. आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि वाचू लागली. मोठ्याने, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून, जशी ती घरी वाचायची. बोलायला कन्नड तिला पाण्यासारखं, पण अक्षरं अजून अडायची. सात नियम होते. रात्री नऊनंतर फाटक बंद. पुरुष पालकांनी व्हरांड्यात झोपावे. आत स्वयंपाक करू नये, अंगणातल्या शेडमध्ये करावा. मधेच एक अवघड जोडाक्षर आलं, तिथे ती थांबली. हेडमास्तरांनी तो शब्द तिला सांगितला. न विचारता, सवयीने. ती पुढे गेली. परीक्षार्थीस एक खाट, एक टेबल, एक खुर्ची मिळेल, हा सहावा नियम.

वाचून झाल्यावर ती वळली. "वय न्हाई लिहिल्यालं."

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि फळ्याकडे बघितलं.

"माझी खाट कुठली?"

त्यांनी ड्रॉवर उघडून किल्ली काढली. मात्र देताना म्हणाले, "वर वाचनालय आहे, तिथे मुली बसतात. त्यांना संकोच वाटेल. तुम्ही आपल्या खोलीतच अभ्यास करा."

खोली कोपऱ्यातली होती. छत इतकं उंच की पंख्याची दांडी माणसाहून लांब. एका बाजूला लोखंडी खाट, तिच्या पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. मी नेहमीच्या सवयीने आईची वळकटी जमिनीवर पसरायला घेतली. घरी खाट अप्पांची असायची. आईने माझ्या हातातून वळकटी काढून घेतली आणि खाटेवर पसरली. "परीक्षार्थीची हाय," ती म्हणाली. मग चपला काढून वर बसली आणि पाय वर घेतले. अप्पा दारात उभे होते. त्यांना हसू आलं. ते व्हरांड्यात आपली घोंगडी टाकायला गेले.

पहिल्या संध्याकाळी अंगणातल्या शेडमध्ये स्टोव्ह पेटवायला अप्पाच गेले. मी जाते म्हटलं, तर म्हणाले, "तू तिचं गणित बघ. मला त्यातलं काय कळतंय?" शेडमध्ये इतर परीक्षार्थींच्या आया स्वयंपाक करत होत्या. त्यांच्यात धोतर खोचून बसलेला एकटा पुरुष. भाकरी त्यांना जमायची नाही. कडा फाटायच्या, मधे जाड राहायची. एका मुलीचे वडील व्हरांड्यातून ओरडले, "काय मामा, बायको परीक्षेला आणि तुम्ही चुलीला?"

अप्पा म्हणाले, "मीठ जास्त झालंय, त्याला हसा. बाकीच्याला हसू नका."

चार दिवसांनी ते गृहस्थ स्वतःच भांडी घासायला शेडमध्ये आले. अप्पांमुळे की बायको रागावली म्हणून, ते मला ठाऊक नाही.

खोलीत अभ्यास जमेना. दिवा मिणमिणता, टेबल ठेंगणं, आणि शेजारच्या खोलीतला एक मुलगा पाठांतर इतक्या मोठ्याने करायचा की विज्ञानाचं पुस्तक उघडल्यावर आईला इतिहास ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी ती वरचं वाचनालय बघून आली. सागवानी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. वर लांब दिवाणखाना, भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी, उंच खिडक्या, आणि मधे दोन लांब टेबलं. खिडकीकडची जागा तिला आवडली.

"मी बोलू का सरांशी?" मी विचारलं. आता तरी आपण काही करावं असं मला वाटत होतं.

"तू नको बोलूस. तू बोलायला लागलीस की खाली बघतीस."

हे तिने रागाने म्हटलं नाही. मी खरंच खाली बघते.

ती टेबलाशी बसली आणि वहीचं एक पान फाडलं. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं, ते तिने पंचवीस वेळा तरी लिहून काढलं होतं. उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति, माननीय व्यवस्थापक', मग विषय, मग 'महोदय'. मजकूर असा होता: 'वरील विषयास अनुसरून विनंती करते की, मी या वसतिगृहातील परीक्षार्थी आहे. माझ्या खोलीत उजेड कमी आहे. वाचनालयात उजेड भरपूर आहे. तेथे बसण्यास वयाची अट नसल्याचे नियमफलकावरून दिसते. तरी परवानगी मिळावी. परवानगी न मिळाल्यास कारण लेखी द्यावे.' खाली 'आपली विश्वासू' आणि सही. सही तिने अलीकडेच बसवली होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

बोलताना ती 'करतो' म्हणाली असती, पत्रात मात्र 'करते' लिहिलं. मी त्याकडे बोट दाखवलं. "पेपरात मार्क जातात," ती म्हणाली.

संध्याकाळी पत्र परत आलं. हेडमास्तरांनी लाल पेनाने दोन ठिकाणी गोल केले होते. 'परवानगी'मधली वेलांटी आणि 'नियमफलक' हा शब्द तिने तोडून लिहिला होता तो. समासात बारीक अक्षरात शुद्ध रूपं लिहिली होती. खाली लिहिलं होतं, 'परवानगी आहे.' आणि त्याखाली, 'हस्ताक्षर सुवाच्य.'

आईने ते पत्र दोनदा वाचलं. मग दोन्ही चुकलेले शब्द वहीत दहा-दहा वेळा लिहून काढले.

वरच्या मुली पहिल्या दिवशी कुजबुजल्या. दुसऱ्या दिवशी एकीने आईला विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या वर्गाला?" आई म्हणाली, "दहावीला. तू?" ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. "मग तू माझी सीनियर," आई म्हणाली आणि तिच्याकडून इंग्रजीचा एक उतारा समजावून घेतला. संकोच कुणाला वाटत होता ते मला कधी कळलं नाही.

मराठीचा पेपर चांगला गेला. समाजविज्ञानाचा बरा. विज्ञानाला तिने एक आख्खा प्रश्न सोडला, कारण वेळ संपला. केंद्रावर रोज फाटकापाशी एक पोलीस तिला अडवायचा. "पालक बाहेर." ती रोज हॉल तिकीट दाखवायची. तिसऱ्या पेपरला त्याने अडवलं नाही, पण तिने तरीही तिकीट त्याच्यापुढे धरलं.

सोमवारी गणित होतं. तिला सगळ्यात जास्त धास्ती त्याची. रविवारी सकाळी सहालाच ती वरच्या खिडकीपाशी जाऊन बसली. भूमिती चालली होती. सुभाष रोडवरून मी तिला नवी कंपासपेटी आणून दिली होती, ती तिने टेबलावर उघडी मांडून ठेवली होती.

आठच्या सुमाराला हेडमास्तर जिना चढून आले. रविवारी ते सहसा येत नसत. जुन्या इमारती बघायला निघालेला एक गट येणार होता, म्हणून ते इस्त्रीचे कपडे घालून आले होते. नऊ ते दहा वाचनालय रिकामं हवं, असं त्यांनी सांगितलं. मुली वह्या गोळा करून खाली गेल्या. मी उठले. आई बसूनच होती.

"बाई, एक तासच."

"उद्या गणित हाय, सर. एक तास लई झाला."

"खाली खोलीत बसा. संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे लोक येतायत."

"मला लेखी परवानगी हाय," आई म्हणाली आणि कंपास उचलला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखी मान खाली जायला लागली. त्या क्षणी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही, पण मी खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसले. उघड्या पुस्तकावर हात ठेवला. हेडमास्तर पाठ फिरवून खाली गेले.

गट आला. वीसेक माणसं असतील, बरीचशी बाहेरगावची. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. पुढे एक तरुण, कमरेला छोटा लाउडस्पीकर लावलेला. तो घटकाभर कन्नडमध्ये बोलायचा आणि घटकाभर इंग्रजीत. याच दिवाणखान्यात खेड्यापाड्यांतून आलेली माणसं शिकली, असं तो सांगत होता. दिवे नव्हते तेव्हा याच खिडक्यांच्या उजेडात त्यांनी अभ्यास केला. याच टेबलांवर. लोक टेबलांकडे बघायला लागले. टेबलाच्या एका टोकाला आम्ही दोघी.

तो पुढे आला आणि आईला म्हणाला, "अक्का, स्वल्प सरीरी." जरा सरका. मग माझ्याकडे बघून, आवाज उतरवून म्हणाला, "साफसफाई नंतर करा ना. खिडकीचा फोटो घ्यायचाय."

आईने कोनमापकावरून नजर काढली नाही. "आगूदिल्ल," ती म्हणाली. होणार नाही.

त्याला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा ती वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कन्नडमध्ये, शांतपणे बोलली. "इथं खेड्यातली माणसं शिकली म्हणून तुम्ही सांगताय. मी खेड्यातली हाय. शिकूलोय. उद्या माझी परीक्षा हाय. दाखवायचं तर हे दाखवा, न्हाईतर पुढं चला."

कुणी हसलं नाही. त्या तरुणाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने लाउडस्पीकर बंद केला आणि "क्षमिसरी," म्हणाला. एका गृहस्थांनी मात्र कॅमेरा आईवर रोखला. आईने तळहात पुढे धरला. "खिडकीचा काढा. माझा नको. मी इमारत न्हाई."

गट दुसऱ्या टोकाने फिरून गेला. जिन्यावरून जाताना त्यांच्यातली एक म्हातारी बाई मागे वळली, टेबलापाशी आली आणि आईच्या वहीवर नजर टाकून म्हणाली, "चांगलं काढलंय." मराठीत. मग गेली.

खाली पाहुण्यांकडून सगळं ऐकून पाच मिनिटांनी हेडमास्तर वर आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पाहुण्यांसमोर तुम्ही मला खाली बघायला लावलंत," ते म्हणाले. "परवानगी मी दिली होती. मी ती काढूही शकतो."

"काढा," आई म्हणाली. "फक्त लेखी द्या."

त्यांचा हात खिशाकडे गेला. दोन पेनांवर बोटं टेकली. मला वाटलं, आता ते खरंच लिहितात. पण ते तसेच उभे राहिले, आणि मग एकदम त्यांचं लक्ष वहीतल्या आकृतीवर गेलं.

"हा कोन बरोबर नाही," ते म्हणाले. "बिंदू सरकलाय."

आईने वही त्यांच्याकडे फिरवली. ते बसले नाहीत, उभ्याउभ्याच वाकून त्यांनी बिंदू दाखवला, आणि निघून गेले. ते शरमले होते, की नुसते हेडमास्तर होते म्हणून त्यांना चूक बघवली नाही, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. त्यानंतर उरलेल्या दिवसांत ते आमच्याशी कामापुरतंच बोलले. परवानगी काढली नाही.

खाली व्हरांड्यात मुली जमल्या होत्या. ती सीनियर मुलगी आईला म्हणाली, "आजी, आम्हालाही थांबा म्हणायचं होतंत."

"मी तुम्हाला जा म्हटलं नव्हतं," आई म्हणाली.

गणिताच्या पेपरहून ती आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा होता. अप्पांनी ताट वाढलं. ती जेवली नाही. "आलेखाचं जमलं. बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं." उरलेले दोन पेपर तिने दिले आणि आम्ही वसतिगृह सोडलं. किल्ली देताना तिने रजिस्टरवर सही केली, हेडमास्तरांना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले.

निकाल लागला. पाच विषयांत पास, गणितात चोवीस. मला रडू आलं, तिला नाही. गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. शेजारची बाई सांत्वन करायला आली. "जाऊ दे आता. हौस झाली ना?" आई म्हणाली, "पाच विषयांचे पेढे खा आधी, मग सहाव्याचं बोल."

जूनमध्ये ती पुन्हा बसली. तेव्हा एका दिवसाचंच काम होतं. आदल्या संध्याकाळी येऊन आम्ही त्याच वसतिगृहात राहिलो, दुसऱ्या खोलीत. तेहतीस मिळाले. पासाला पस्तीस लागतात. या वेळेला माझा नवरा म्हणाला, माझी सासू म्हणाली, गावातली शिक्षिकासुद्धा म्हणाली, की आता पुरे. अप्पांना मी विचारलं. ते म्हणाले, "तिला सांगायचं धाडस तुझ्यात असलं तर सांग. माझ्यात न्हाई." मी सांगितलं नाही. मी दर रविवारी गावी जात राहिले, आणि सहाव्यांदा, सातव्यांदा सांगत राहिले.

तिसऱ्या खेपेला तिला पस्तीस मिळाले. ना एक जास्त, ना एक कमी. मी मोबाइलवर निकाल वाचून दाखवला तेव्हा अप्पा अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते. ते म्हणाले, "एकही मार्क वाया घालवला न्हाई बघ."

मला वाटलं होतं, आई आता निदान हसेल. तिने मोबाइल माझ्याकडून घेतला आणि आकडा जवळून बघितला.

"चुकलंय त्यांचं," ती म्हणाली. "माझे चाळीस तरी हैत. शेवटची दोन गणितं मी पायरीपायरीनं लिहिल्यात."

"आई, पास झालीस ना."

"पास झालो ते बरोबर. पण माझे जे मार्क हैत ते मला पायजेत. पेपर परत तपासायला द्यायचा अर्ज कसा करायचा, ते बघ."

मी बघितलं. अर्ज ऑनलाइन करायचा होता. तिला ते पसंत पडलं नाही. ऑनलाइनचा मी भर, पण सोबत एक कागदावरचाही जाऊ दे, असं म्हणून ती वही आणायला आत गेली.